उभं राहायला शिकवणारी आत्या

आमच्या जेवणाच्या टेबलाला बाजू चार आहेत, पण बसायचं तीनच बाजूंना. चौथी बाजू प्रेक्षकांची. प्रेक्षक म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि त्याच्या शेजारचा फ्रीज. "अगं आत्या, फ्रीज काही तिकीट काढून आलेला नाही," असं मी कितीदा तरी सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. ती माझी खुर्ची जराशी तिरकी करते, बाबांना थोडं पुढे सरकवते आणि मग कुठे आम्हाला पहिला घास घ्यायची परवानगी मिळते.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय बासष्ट, उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, आवाज हळू, मत ठाम. तिनं लग्न केलं नाही. "समोर कुणी नीट उभाच राहिला नाही," असं कारण ती सांगते आणि तिला ओळखणाऱ्यांना ते खरं वाटतं. ती आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. आई गेल्यापासून दोन्ही वेळा खाली जेवायला येते. येताना दाराशी क्षणभर थांबते, श्वास घेते आणि मगच आत पाऊल टाकते. नुसतं आत यायचं नसतं, प्रवेश घ्यायचा असतो, असं तिचं म्हणणं.

एवढं वाचून कुणालाही वाटेल की बाईंचा जन्म रंगभूमीवर गेला. छे! आत्यानं आयुष्यात एकाही नाटकात काम केलेलं नाही. तिनं एकतीस वर्षं चपलाबुटांच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक नवे बूट घालून आरशासमोर चार पावलं चालतं, ती चार पावलं बघणं हा तिचा धंदा. बूट चावतोय की बुटाची किंमत, हे ती पावलांवरून ओळखायची आणि तशी दुसरी पेटी काढायची.

नाटकात ती शिरली बाबांमुळे. बाबा मोटार चालवायला शिकवायचे. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "ब्रेक, ब्रेक" ओरडायचे आणि संध्याकाळी आमच्या हौशी नाटक मंडळीत राजे, न्यायाधीश, कडक सासरे अशी कामं करायचे. एका नाटकात राजाला बूट हवे होते, म्हणून आत्या चार जोड घेऊन तालमीला गेली. तालीम लाकडाच्या वखारीवरच्या लांबलचक खोलीत चालायची. बूट घालून झाले, तरी बाई जागची हलेना. शेवटी दिग्दर्शकांनी विचारलं, "काही राहिलंय का?"

"बूट ठीक आहेत," आत्या म्हणाली, "पण तुमचा राजा दरबारात चाललाय की दातांच्या डॉक्टरकडे?"

राजा म्हणजे बाबाच. त्यांनी दोन दिवस बहिणीशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच तिला तालमीला घेऊन गेले. आमचे दिग्दर्शक दिवसा विमा विकतात आणि संध्याकाळी अंतरंग. भूमिकेच्या अंतरंगात उतरा, एवढंच ते सांगतात. उतरल्यावर उभं कुठे राहायचं, हे सांगायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी आत्याच्या हातात खडू दिला. त्याला आता बावीस वर्षं झाली.

नवा माणूस आला की पहिले दोन आठवडे आत्या त्याला एकही वाक्य बोलू देत नाही. आधी उभा राहा. ऐकायला सोपं वाटतं. पण चार लोक बघतायत म्हटल्यावर आपल्याला दोन हात आहेत याचा माणसाला जो शोध लागतो, तो एरवी कधी लागत नाही. एक खिशात जातो, एक मानेवर, मग दोन्ही पोटावर. आमच्यात एक औषधवाले आहेत, कोपऱ्यावर त्यांचं औषधांचं दुकान आहे. ते महिनाभर विचारत होते, हात कुठे ठेवू? "जन्मल्यापासून जिथे आहेत तिथेच," आत्या म्हणाली.

मग चालणं. जमिनीवर खडूनं नऊ चौकोन आखलेले, पुढे तीन, मध्ये तीन, मागे तीन. कुठल्या चौकोनातून कुठल्या चौकोनात गेलात आणि कशासाठी, हे सांगता आलं पाहिजे. "खिडकीपाशी का गेलास?" "जरा हालचाल हवी म्हणून." "मग मैदानावर जा." दोघांनी एका रांगेत उभं राहायचं नाही, बसची वाट बघताय का? दुसऱ्याच्या तोंडासमोर यायचं नाही. दुसरा बोलत असताना हलायचं नाही, कारण लोकांचे डोळे हलणाऱ्या वस्तूकडे जातात, मग ती माशी का असेना. आणि बसताना खुर्चीकडे बघायचं नाही, हातानं चाचपायचं तर मुळीच नाही. मागे यायचं, पोटरीला खुर्ची लागली की बसायचं. स्वतःच्या घरात खुर्ची शोधत कोण बसतं? औषधवाले पहिल्यांदा असे बसले ते थेट जमिनीवर. उठून म्हणाले, खुर्चीच अरुंद आहे. "नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणून आत्यानं त्यांना चाळीस वेळा बसवलं. आता ते दुकानातही मागे न बघता बसतात आणि गिऱ्हाइकांचा जीव टांगणीला लागतो.

मी या मंडळीत शाळेत असल्यापासून आहे. नोकरी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये. तिथे मला बघून लोक हात मागे घेतात, नाटकात निदान टाळ्यांसाठी तरी पुढे करतात. स्वभाव माझा तिखट आहे, हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे कळणारच आहे.

यंदाच्या नाटकात बाबांना घर सोडायला तयार नसलेल्या म्हाताऱ्याचं काम होतं, मला त्यांच्या मुलीचं, औषधवाल्यांना जावयाचं. तिसऱ्या अंकात मला लांबलचक भाषण होतं. खिडकीपासून निघायचं, सरळ पुढच्या मधल्या चौकोनात यायचं आणि दोन मिनिटं एकटीनं बोलायचं. बावीस वर्षं निरोप पोचवले, ट्रे आणले, रडणाऱ्या नायिकेला पाणी दिलं, तेव्हा कुठे हा चौकोन माझ्या वाट्याला आला होता. मी आरशासमोर भाषण म्हणत होते, अंघोळ करताना म्हणत होते, लोकांच्या दंडाला पट्टी बांधताना मनात म्हणत होते.

प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना एका तालमीत बाबा मागे आले आणि बसण्याआधी त्यांचा डावा हात खुर्चीच्या पाठीकडे गेला. अर्धा क्षण चाचपून मग ते बसले. दिग्दर्शक उडालेच. "वा! काय म्हातारपण उभं केलंत!" आम्ही सगळे आत्याकडे बघायला लागलो, आता काय ऐकवते म्हणून. आत्या काहीच बोलली नाही. मला वाटलं, भावाला सूट. आपला तो बाब्या!

दुसऱ्या दिवशी ती नवी वही घेऊन आली आणि तिनं सगळ्या जागा बदलल्या. अडीच महिने घोटून घोटून पायांत बसलेल्या हालचाली पुसल्या. टेबल एक हात मागे. बाबांची खुर्ची टेबलाला टेकलेली. जावयानं सासऱ्यांशी बोलायच्या आधी दोन जड पावलं टाकायची, वाजली पाहिजेत. दारातून आत येताना मुलीनं बापाच्या उजव्या कोपराला धरायचं. आणि माझं भाषण? ते आता खुर्चीपाशी उभं राहून, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून करायचं.

"पण मी पुढे येते ना तिथे?" मी म्हटलं.

"आता नाही येत," आत्या म्हणाली.

"कारणाशिवाय पाऊल नाही म्हणतेस ना? मग याचं कारण सांग."

"मुलीचं प्रेम दिसतं."

"प्रेम मला पुढूनही दाखवता येतं!"

दिग्दर्शक म्हणाले, यात काहीतरी खोल आहे. मी म्हटलं, विहीर खोल असते. मी रागानं घरी आले आणि जेवताना मुद्दाम चौथ्या बाजूला, फ्रीजला टेकून बसले. आत्यानं माझं ताट तिकडे सरकवलं. बाबांनी पेल्याकडे हात नेला, तो पेल्याला आडवा लागला आणि पाणी टेबलभर झालं. "बाबा, लक्ष कुठे असतं तुमचं?" मी ओरडले. राग आत्यावरचा होता, पण निघाला त्यांच्यावर.

पुढचे आठ-दहा दिवस मी आत्याशी कामापुरतंच बोलले. तालमीत बाबांचं कोपर धरायची ते पोलिसानं धरावं तसं. मग एका बुधवारी लॅबमधलं यंत्र बिघडलं, दुपारीच सुट्टी झाली. म्हटलं, आत्या एकटी तालमीच्या खोलीत टेबलखुर्च्या लावत असेल, आज तिला काय ते सुनावूनच टाकावं. जिन्यावर वाक्यं जुळवत वर गेले. दार अर्धं उघडं होतं.

आत बाबा होते. आत्या काथ्याच्या मोठ्या चटईवर गुडघे टेकून बसली होती आणि चटईच्या पुढच्या कडेखाली जाड दोरी शिवत होती. ती उठली, बाजूला झाली. "चल, दारापासून." बाबा दारापासून निघाले. ओठ हलत होते, ते पावलं मोजत होते. सहा पावलांवर टेबलाला बोटं लागली, चारवर खुर्ची पोटरीला लागली, बसले. मग उठून पुढे आले आणि दोरी तळव्याला लागली तशी थांबले.

"दोरीच्या पुढे काय?" आत्यानं विचारलं.

"काही नाही."

"नाटकभर दोरीच्या पुढे जायचं नाही. पुन्हा सांग."

"अगं, मी तीस वर्षं लोकांना पांढरी रेघ ओलांडू नका म्हणून शिकवलंय," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "पोरगी फार चिडलीय का माझ्यावर?"

"तुझ्यावर नाही, माझ्यावर."

"मग ठीक आहे. तुला सवय आहे."

जिन्यावर जुळवलेलं एकही वाक्य मला आठवेना. वर्षभरापूर्वी बाबांनी मोटार शिकवणं अचानक सोडलं तेव्हा कंटाळा आला म्हणाले आणि मी ते मानलं. ते दाराच्या चौकटीला धडकले की मी वेंधळे म्हणायची. पाणी सांडलं की ओरडायची. मी रोज वीस अनोळखी माणसांच्या हातातल्या बारीक शिरा शोधून काढते आणि माझ्याच घरात माझ्या बापाला दिसेनासं होत होतं ते मला कळलं नाही. मला माझीच भयंकर लाज वाटली.

मी आत गेले. बाबांनी मान भलत्याच बाजूला वळवली आणि "कोण?" म्हणाले. मी जाऊन त्यांचं उजवं कोपर धरलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

घरी येताना आत्यानं सगळं सांगितलं. बाजूचं दिसणं केव्हाच गेलं होतं. आता मधलंही जात होतं, नळीतून बघावं तेवढंच उरलं होतं आणि रंगमंचावरच्या दिव्यांत तेही नाही, नुसता झगमगाट. डॉक्टरांनी हात टेकले होते. बाबांना हे एक शेवटचं नाटक करायचं होतं. मंडळीत कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्यांचं काम दुसऱ्याला गेलं असतं, काळजीपोटीच, पण गेलं असतं. म्हणून दोघा भावंडांनी कुणालाही ताकास तूर लागू दिली नव्हती.

"आणि पडले म्हणजे?" मी विचारलं. "रंगमंच चार फूट उंच आहे, खाली फरशी आहे. आत्या, तुला कळतंय का काय जोखीम घेतेयस?"

"पडणार नाही. पहिल्या प्रवेशापासून शेवटच्या वाक्यापर्यंत एकेक पाऊल मी बसवलंय."

"निदान दिग्दर्शकांना तरी सांग."

"त्याला सांगितलं तर तो त्यातही अंतरंग शोधेल."

मी हसले आणि त्याच वेळी मला रडूही आलं. मुख्य म्हणजे मी गप्प राहिले. त्या निर्णयात मीही होते, हे नंतर मला विसरता आलं नाही.

प्रयोग रविवारी दुपारी होता. चारशे खुर्च्यांचं नाट्यगृह, जवळजवळ भरलेलं. चटई आदल्या दिवशीच तिथे नेऊन ठोकली होती. आत्या विंगेत वही घेऊन उभी होती, पण वही तिनं एकदाही उघडली नाही. दारातून आत येताना मी बाबांचं कोपर धरलं. आम्ही दिव्यांच्या उजेडात आलो. सहा पावलं, टेबल. चार पावलं, खुर्ची. औषधवाल्यांना खरं कारण माहीत नव्हतं, पण त्यांनी पावलं अशी दणदणीत वाजवली की पहिल्या रांगेतलं एक मूल दचकून रडायला लागलं. बाबा बरोबर त्या आवाजाकडे वळले आणि जावयाला असं काही झापलं की लोकांनी वाक्याला टाळी दिली. माझं भाषण मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून केलं. पुढच्या चौकोनाची मला आठवणसुद्धा आली नाही. बाबांचा खांदा माझ्या हाताखाली हळूहळू खाली येत गेला आणि समोर कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

शेवटचं वाक्य बाबांचं. ते त्यांनी दोरीवर उभं राहून म्हटलं आणि पडदा पडला. विंगेत आत्यानं डोळे मिटले आणि ती मटकन सामानाच्या पेटीवर बसली. न बघता बसली, हे सांगायला नको.

तेवढ्यात बाहेर टाळ्या वाढल्या आणि दिग्दर्शक ओरडले, "रांग, रांग! पुढे या सगळे!"

कुठल्याही हौशी मंडळीला विचारा. तीन महिने तालीम होते, एकेका पावलावर भांडणं होतात, पण प्रेक्षकांसमोर वाकण्याची तालीम कुणीच करत नाही. ते आपोआप होतं असं सगळे धरून चालतात. ढकलाढकलीत आम्ही रांगेत उभे राहिलो, एकमेकांचे हात धरले आणि पडदा उघडला. डोळे दिपले. सगळ्यांबरोबर मीही वाकले. वाकल्यावर मला माझे पाय दिसले आणि पायांखाली चटई नव्हती. चटई मागे होती, दोरी मागे होती. टाळ्या घ्यायला रांग नेहमी पुढेच उभी राहते. रंगमंचाची कड समोर तीन पावलांवर होती.

आणि बाबांनी माझा हात सोडला. चाळीस वर्षांची सवय. सगळ्यांचं वाकून झालं की मुख्य नटानं पुढे जायचं, हात पसरायचे आणि एकट्यानं वाकायचं. लोक उठून उभे राहिले होते. बाबांनी एक पाऊल टाकलं. मला "बाबा" म्हणायचं होतं, तोंड उघडलंही, पण आवाज फुटला नाही. हात पुढे जाईना, पाय उचलेना. मला इतकी वर्षं उभं राहायला शिकवलं होतं आणि मी तशीच उभी राहिले. बाबांनी दुसरं पाऊल टाकलं. हात पसरले, चेहरा वर केला, हसले.

विंगेतून काहीतरी धावत आलं. ती आत्या होती. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, साडीला खडू लागलेला. ती सगळ्या रांगेच्या पुढून तिरकी पळत आली आणि बाबा आणि कड यांच्यामध्ये जी एवढीशी जागा उरली होती तिच्यात जाऊन उभी राहिली. तिच्या टाचा कडेला होत्या. तिनं दोन्ही तळहात बाबांच्या छातीवर टेकवले.

"दादा, थांब."

बाबा थांबले. टाळ्यांच्या त्या गोंगाटात मला दोघांचं बोलणं ऐकू आलं, कारण तोपर्यंत माझे पाय सुटले होते आणि मी मागून बाबांचा सदरा मुठीत धरला होता.

"किती उरलं होतं गं?" बाबांनी विचारलं.

"एक पाऊल."

"मग झालं तर. तुझं गणित बरोबरच होतं."

"नाही रे," आत्या म्हणाली. "हे मी बसवलंच नव्हतं. हे माझ्या लक्षातच आलं नाही, दादा." आणि ती रडायला लागली. मोठ्यानं, लहान मुलीसारखी, चारशे लोकांसमोर. तिला तसं रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

बाबांचे हात पसरलेलेच होते. ते त्यांनी तिच्याभोवती घेतले आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्या नटानं पडद्यामागच्या बाईला मान दिला. ते आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागले. औषधवालेही वाजवायला लागले. दिग्दर्शकांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते का आलंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पडदा पाडायला आता कुणीतरी खूण करायला हवी होती. पडद्याची दोरी ओढणारा माणूस विंगेकडे बघत ताटकळला होता. ती खूण करायचं काम आत्याचं होतं, त्यामुळे पडदा बराच वेळ उघडाच राहिला.